डोळा, हात आणि झडप : औद्योगिक नियंत्रणाची दोन शतके

बारावीचा निकाल लागला की घरोघरी अभियांत्रिकीच्या शाखांची चर्चा सुरू होते. स्थापत्य म्हणजे पूल आणि इमारती, यांत्रिकी म्हणजे यंत्रे, विद्युत म्हणजे वीज, एवढे तरी विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ‘इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल’ हे नाव आले की मात्र ते शिक्षकांकडे पाहतात. ‘कारखान्यातील तापमान, दाब, प्रवाह आणि पातळी मोजायची व ती हवी तेवढी राखायची’ असे उत्तर देता येते. ते बरोबरही आहे. परंतु या कामात अवघड असे काय आहे आणि ते चुकले तर काय होते, हे त्या उत्तरातून कळत नाही. ते समजून घेण्यासाठी या विषयाच्या इतिहासाकडे वळावे लागेल.

एका साध्या चित्रापासून सुरुवात करू. बॉयलरपाशी एक कामगार उभा आहे. बॉयलरला जोडलेल्या काचेच्या नळीत त्याला पाण्याची पातळी दिसते. पातळी उतरली की तो पाण्याची झडप थोडी उघडतो, चढली की थोडी आवळतो. या कामात तीन गोष्टी आहेत : पाहणारा डोळा, ठरवणारी बुद्धी आणि झडप फिरवणारा हात. गेल्या दोन शतकांत ही तिन्ही कामे माणसाकडून हळूहळू यंत्राकडे गेली. प्रत्येक टप्प्यावर काम सोपे झाले, उत्पादन वाढले, आणि माणूस बॉयलरपासून आणखी काही पावले दूर गेला. हे अंतर जसे वाढले, तसा एक प्रश्न अधिकाधिक महत्त्वाचा होत गेला : समोर दिसणारा आकडा खरा आहे का?

वॉटचे गोळे आणि मॅक्सवेलचे समीकरण

कारखानदारीच्या इतिहासातील पहिला प्रसिद्ध नियंत्रक म्हणजे जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला बसवलेला गव्हर्नर. अशी योजना त्याआधी पवनचक्क्यांत वापरली जात होती. वॉटने ती इंजिनावर आणली. इंजिनाबरोबर एक उभा दांडा फिरतो आणि त्याला दोन गोळे लोंबकळत असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जाऊन वर उचलले जातात आणि वाफेची झडप आवळतात. वेग कमी झाला की गोळे खाली येतात व झडप उघडते. परिणाम मोजून तो पुन्हा कारणापर्यंत पोहोचवायचा, ही यामागची कल्पना. यालाच आज आपण फीडबॅक म्हणतो.

या गव्हर्नरमध्ये दोन दोष होते. पहिला असा : इंजिनावरचा भार वाढला तर झडप जास्त उघडी राहायला हवी. ती जास्त उघडी राहण्यासाठी गोळे थोडे खालीच राहिले पाहिजेत, म्हणजे वेगही थोडा कमीच राहिला पाहिजे. त्यामुळे हवा असलेला वेग आणि मिळालेला वेग यांत थोडा फरक कायम उरतो. दुसरा दोष अधिक त्रासदायक होता. काही इंजिने स्थिरच होत नसत. वेग वाढे, झडप आवळली जाई, वेग गरजेपेक्षा खाली जाई, झडप उघडे, वेग पुन्हा चढे, आणि हे हेलकावे चालूच राहत.

याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. होय, विद्युतचुंबकीय समीकरणांचे मॅक्सवेल तेच हे! इंजिन आणि गव्हर्नर यांचा वेगवेगळा विचार करून भागत नाही, ती दोन्ही मिळून एकच व्यवस्था आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्या व्यवस्थेचे समीकरण मांडले की धक्का बसल्यावर हेलकावे कालांतराने विरतील की वाढत जातील, हे त्या समीकरणाच्या मुळांवरून सांगता येते. दोन चांगल्या वस्तू एकत्र जोडल्या म्हणजे चांगली व्यवस्था तयार होतेच असे नाही, हा धडा नियंत्रण अभियंत्याला आजही पहिल्याच वर्षी शिकावा लागतो.

सुकाणूवरचा नाविक

बुद्धीचे काम यंत्राकडे कसे गेले, हे समजण्यासाठी थोडा वेळ कारखाना सोडून समुद्रावर जाऊ. रशियातून अमेरिकेत आलेले निकोलाय मिनोर्स्की जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर काम करत होते. निष्णात नाविक सुकाणू कसे धरतो, याचा विचार करून त्यांनी १९२२ साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवर त्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या.

निष्णात नाविक तीन गोष्टी ध्यानात घेतो. जहाज आत्ता ठरलेल्या दिशेपासून किती ढळले आहे, हे तो पाहतो आणि त्या प्रमाणात सुकाणू वळवतो. एका बाजूने सतत वारा लागत असेल तर जहाज बराच वेळ थोडेसे ढळलेलेच राहते. हा साठत आलेला फरक लक्षात घेऊन तो सुकाणू आणखी थोडे वळवून ठेवतो. आणि जहाज झपाट्याने दिशेकडे परत येत असेल, तर ते पलीकडे जाऊ नये म्हणून तो आधीच सुकाणू सैल करतो. गणिताच्या भाषेत पहिली क्रिया फरकाच्या प्रमाणात, दुसरी फरकाच्या संकलनाच्या प्रमाणात आणि तिसरी फरकाच्या विकलनाच्या प्रमाणात होते. वर्तमान, भूत आणि भविष्य असेही त्यांना म्हणता येईल. या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून असा नियंत्रक ‘पीआयडी’ म्हणून ओळखला जातो. वॉटच्या गव्हर्नरमध्ये यांतली फक्त पहिली क्रिया होती आणि म्हणूनच तेथे कायमचा फरक उरत होता. कलनशास्त्र ‘कशाला उपयोगी पडते’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर सांगावे.

हवेवर चालणारी बुद्धी

रासायनिक कारखाने याच ठिकाणी स्वतंत्र वाटेने पोहोचले. तेथे ठिणगीची भीती असल्याने नियंत्रक विजेवर न चालवता दाबाखालच्या हवेवर चालवत. अमेरिकेतील फॉक्सबरो कंपनीत एडगर ब्रिस्टल यांनी १९१४ साली एक साधी युक्ती काढली. हवेच्या बारीक तोटीसमोर एक पातळ पट्टी ठेवायची. पट्टी तोटीजवळ आली की आतला दाब वाढतो, दूर गेली की कमी होतो. पट्टी केसभर हलली तरी दाबात मोठा फरक पडे. पण युक्ती इतकी संवेदनशील होती, की झडप बहुधा पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद अशीच राही. त्याच कंपनीतील क्लेसन मेसन यांनी बाहेर पडणाऱ्या दाबाचा काही भाग पट्टीकडे उलटा आणून ही अतिसंवेदनशीलता आवरली आणि १९३१ साली ‘स्टॅबिलॉग’ हा नियंत्रक बाजारात आला. टेलिफोनच्या प्रवर्धकात हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली हीच कल्पना विजेच्या बाबतीत मांडली होती.

तीन क्रियांचा नियंत्रक हाती आला, पण त्याच्या तीन खुंट्या किती पिळायच्या, हे कोणाला ठाऊक नव्हते. रॉचेस्टरच्या टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतील झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. फक्त पहिली क्रिया चालू ठेवायची आणि तिची तीव्रता हळूहळू वाढवत न्यायची. एका क्षणी मोजलेली राशी सारखे हेलकावे घेऊ लागते, ते ना वाढतात ना विरतात. ही तीव्रता आणि एका हेलकाव्याचा काळ टिपून घ्यायचा. मग पहिल्या क्रियेची तीव्रता त्याच्या ०.६ पट, संकलनाचा काळ हेलकाव्याच्या निम्मा आणि विकलनाचा काळ एक अष्टमांश ठेवायचा. तंबोरा लावावा तसा नियंत्रक ‘लावण्याची’ ही कृती आजही अभ्यासक्रमात आहे, आणि प्रत्यक्ष कामातही पहिला अंदाज म्हणून ती वापरतात.

याच काळात आणखी एक गोष्ट रूढ झाली. ती किरकोळ वाटते, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मोजलेले मूल्य नळीतून हवेच्या दाबाच्या रूपाने पाठवताना शून्यासाठी शून्य दाब न ठेवता, चौरस इंचाला ३ पौंड इतका दाब ठरवला गेला आणि पूर्ण मूल्यासाठी १५ पौंड. पुढे विजेचा वापर आल्यावर ४ ते २० मिलिअँपिअर हे मान ठरले. समजा, एखादा ट्रान्समीटर ० ते २०० अंश सेल्सियससाठी आहे. १२ मिलिअँपिअर म्हणजे १०० अंश आणि ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य अंश. मग ० मिलिअँपिअर म्हणजे काय? म्हणजे तार तुटली! शून्याला जिवंत ठेवल्यामुळे ‘मूल्य शून्य आहे’ आणि ‘मला काहीच कळत नाही’ यांतला फरक उपकरण सांगू शकते. अज्ञान हे शून्याच्या वेशात येऊ नये, याची ही तजवीज होती.

नियंत्रण कक्षात

निरोप नळीतून वा तारेतून जाऊ लागल्यावर माणसाने बॉयलरपाशी उभे राहण्याची गरज उरली नाही. कारखान्याच्या एका बाजूला नियंत्रण कक्ष उभा राहिला आणि भिंतभर तबकड्या व आलेख लागले. १९५९ साली अमेरिकेत पोर्ट आर्थर येथील टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात संगणकाने नियंत्रणात भाग घेतला. १९६२ साली इंग्लंडमध्ये फ्लीटवुड येथील आयसीआय कंपनीच्या कारखान्यात फेरांटी आर्गस संगणक २२४ राशी मोजून १२९ झडपा थेट हलवू लागला. १९७५ साली हनीवेल आणि योकोगावा या कंपन्यांनी नियंत्रणाचे काम अनेक छोट्या संगणकांत वाटून देणाऱ्या प्रणाली बाजारात आणल्या. भिंतीवरच्या तबकड्या जाऊन पडदे आले. हात, बुद्धी आणि डोळा ही तिन्ही कामे आता यंत्राकडे गेली होती. माणसाकडे उरले ते पडद्यावरचे आकडे वाचून ‘सगळे ठीक आहे ना’ हे पाहणे.

आकडा खोटा निघतो तेव्हा

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत दाब वाढला आणि तो उतरवणारी झडप ठरल्याप्रमाणे उघडली. दाब उतरल्यावर तिला बंद होण्याचा हुकूम गेला. पण झडप अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला. हा दिवा झडपेची स्थिती दाखवत नव्हता, झडपेला गेलेला हुकूम दाखवत होता. दिवा विझला म्हणजे झडप बंद झाली, अशी कर्मचाऱ्यांची समजूत झाली. अणुभट्टीतील पाण्याची पातळी थेट दाखवणारे उपकरण तेथे नव्हते. दुसऱ्या एका पात्रातील पातळी चढलेली दिसल्यामुळे पाणी जास्त झाले असे समजून त्यांनी आपत्कालीन पाणीही कमी केले. त्या मार्गावरची दुसरी झडप बंद करून गळती थांबेपर्यंत सुमारे दोन तास वीस मिनिटे गेली. पुढे तपासणीत दिसले, की अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला होता. या अपघातानंतर अशा झडपांची प्रत्यक्ष स्थिती दाखवणे अमेरिकेत सक्तीचे झाले.

२३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात झालेली चूक भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी मुद्दाम पाहण्याजोगी आहे. १७० फूट उंचीच्या मनोऱ्यात द्रव भरला जात होता. त्याची पातळी मोजण्यासाठी तळाशी, द्रवात लोंबकळणारा एक दंडगोल होता. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार द्रव चढेल तसा दंडगोलावरचा उद्धारक बल वाढतो आणि त्यावरून पातळी कळते. परंतु दंडगोल पूर्ण बुडाला की पातळी कितीही चढली तरी हे बल वाढत नाही. मग ते अवलंबून राहते फक्त द्रवाच्या घनतेवर. मनोऱ्यातील द्रव तापत होता, घनता कमी होत होती, बल कमी होत होते, आणि पडद्यावरची पातळी हळूहळू उतरताना दिसत होती. प्रत्यक्षात द्रव १५८ फुटांवर पोहोचला तेव्हा उपकरण ७.९ फूट दाखवत होते. पातळी धोक्याबाहेर गेल्याचा इशारा देणारी वेगळी कळही वाजली नाही. द्रव बाहेर उसळला, त्याच्या वाफेचा स्फोट झाला, १५ माणसे मृत्युमुखी पडली आणि १८० जखमी झाली. दंडगोलाने आर्किमिडीजचा नियम मोडला नव्हता. तो त्या नियमाप्रमाणेच वागत होता. पण त्याला विचारलेला प्रश्न ‘पातळी किती?’ हा राहिला नव्हता.

आपल्या देशातील भोपाळची दुर्घटना याच्या उलट बाजूने पाहावी लागते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटच्या टाकीतील दाब दहाच्या सुमारास चौरस इंचाला २ पौंड होता, तो अकराच्या सुमारास १० पौंड झाला. हा आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत असल्याने कोणाला त्याचे विशेष वाटले नाही. आकडा मर्यादेत होता, पण तो तासाभरात पाचपट झाला होता. ‘विकलन’ पाहणारे कोणी नव्हते. तेथील उपकरणे वारंवार चुकीची वाचने देत, असेही कामगारांनी नंतर सांगितले. गळती झाली की ती डोळ्यांच्या चुरचुरीवरून ओळखायची, अशी तेथे सवय पडली होती. शीतकरणाची यंत्रणा त्याआधीच बंद केलेली होती. दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि सगळा दोष उपकरणांवर टाकणे योग्य नाही. परंतु आकड्यावर आंधळा विश्वास जितका घातक, तितकीच विश्वास पूर्ण उडाल्याची अवस्थाही घातक, हे भोपाळने दाखवले.

भारतातील वाटचाल

स्वातंत्र्यानंतर मोठे प्रक्रिया-उद्योग उभे राहू लागले तशी या विषयाची गरज भासू लागली. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९४९ साली सुरू झालेल्या पहिल्या चार शाखांमध्ये उपकरण तंत्रज्ञान ही एक शाखा होती. मुंबईत तुर्भ्याला १९५४ साली स्टँडर्ड व्हॅक्यूमचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आज हे दोन्ही अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे आहेत. त्याच परिसरात ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे तुर्भ्याच्याच शास्त्रज्ञांनी ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली तयार केली. त्याच परंपरेतून १९६७ साली हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. वैज्ञानिक उपकरणांसाठी सेंट्रल सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स ऑर्गनायझेशन ही संस्था १९५९ साली, तर सोव्हिएत साहाय्याने कोट्याची इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड १९६४ साली स्थापन झाली. विजेच्या आणि पोलादाच्या कारखान्यांना उपकरणे पुरवणाऱ्या या कंपनीचा कोटा येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. कारखाना बंद झाला, तरी तेथे तयार झालेली माणसे आणि त्यांचे कौशल्य देशभरच्या उद्योगांत पसरलेले आहे.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी

आज राज्यातील अनेक महाविद्यालयांत ही शाखा आहे. तंत्रनिकेतनांत तिची पदविका मिळते आणि आयटीआयमध्ये दोन वर्षांचा ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक’ हा अभ्यासक्रम आहे. तेलशुद्धीकरण, खते, औषधे, साखर, कागद, वीज, पाणीपुरवठा अशा सर्व ठिकाणी यांची गरज असते. कोणी कुठे कोणते उपकरण बसवायचे ते ठरवतो, कोणी नियंत्रक लावतो, कोणी संगणकाची आज्ञावली लिहितो. कोणी ठरलेल्या दिवशी प्रत्येक उपकरण प्रमाणित मापाशी ताडून पाहतो. धोक्याच्या वेळी कारखाना आपोआप बंद करणारी यंत्रणा नेहमीच्या नियंत्रणापासून वेगळी ठेवणे आणि ती गरजेच्या वेळी चालेल ना हे वेळोवेळी तपासणे, हे आता एक स्वतंत्र क्षेत्र झाले आहे. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने तर इराणमधील यंत्रे बिघडवत असताना पडद्यावर आधी नोंदवून ठेवलेले नेहमीचेच आकडे दाखवले. त्यामुळे आकडा मुद्दाम खोटा केलेला नाही ना, हेही पाहणे भाग झाले आहे.

या शाखेकडे कोणत्या विद्यार्थ्याने जावे? ज्याला भौतिकशास्त्र आणि कलनशास्त्र दोन्ही आवडतात, त्याने तर जावेच. पण त्याहून एक सवय महत्त्वाची आहे : समोरचा आकडा कोणत्या मार्गाने आला, हे विचारण्याची. ही सवय महाविद्यालयात लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत ती लावता येईल. ताणकाट्याला दगड बांधून तो पाण्याच्या भांड्यात हळूहळू सोडावा. दगड बुडत जाईल तसे वाचन कमी होईल. त्यावरून ‘पातळी’ सांगायला विद्यार्थ्यांना शिकवावे. मग दगड पूर्ण बुडाल्यावर भांड्यात आणखी पाणी ओतावे आणि काट्याकडे बघायला सांगावे : वाचन बदलणार नाही. शेवटी त्याच पाण्यात भरपूर मीठ विरघळवावे. आता पातळी जवळजवळ तेवढीच असताना वाचन कमी होईल, म्हणजे शिकवलेल्या नियमाप्रमाणे पाणी ‘चढलेले’ दिसेल. काटा बिघडला आहे का, असे वर्गाला विचारावे आणि चर्चा होऊ द्यावी. टेक्सास सिटीची हकीकत त्यानंतर सांगावी, आधी नाही.